मीटरवर 41 हजार, कंपनीच्या नोंदीत 1 लाख 63 हजार

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवतात हे कुणाला नव्याने सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. तरी 8,35,000 रुपये गेले. 25,000 टोकन फोनवरून, 7,60,000 आरटीजीएस, 50,000 रोख. वर 'ट्रान्सफरचा खर्च' 12,500. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका एजंटाकडून 2021 ची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. पुणे पासिंग, मीटरवर 41 हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी हाय मालक, घर ते दवाखाना, बास." एजंट लोकांकडे जेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या असतात तेवढे डॉक्टर महाराष्ट्रात असते तर बरं झालं असतं.

आता ज्या गोष्टीचा अजून संताप येतो ती सांगतो. गाडीची नंबर प्लेट कोरी करकरीत होती. हिरव्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे खाजगी. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पिवळी असतात. एवढ्या वर्षांच्या गाडीला नवी प्लेट कशी, असं मी विचारलं. हो, विचारलं! "एचएसआरपी मालक, हाय सिक्युरिटी प्लेट, सगळ्यांनाच बदलायला लावली सरकारनं." तेव्हा अख्खं सोलापूर प्लेटा बदलायच्या मागे होतं, माझ्या स्कूटरची अपॉइंटमेंट माझ्याच फोनमध्ये होती. पटलं, कुणालाही पटलं असतं. पण ती सक्ती 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना होती. 2021 ची गाडी शोरूममधून बाहेर पडते तीच ती प्लेट लावून. जुनी काढली, कारण तिच्यावरची अक्षरं पिवळी होती. गाडी पुण्यात टॅक्सी म्हणून पळाली आणि मग रीतसर खाजगी करून घेतली. मागच्या दाराच्या पत्र्यावर उन्हात एक चौकोन उठून दिसत होता, स्टिकर खरवडल्याचा. बायकोनं त्यावर बोट ठेवलं. एजंट म्हणाला, "दवाखान्याचं नाव होतं वहिनी." ब्रेकच्या पेडलचं रबर तर पार गुळगुळीत. घर ते दवाखाना म्हणे.

बॅटरीचं विचाराल तर डॅशबोर्डवर 100 टक्के. इथेच सगळे फसतात. तो आकडा बॅटरीत आज जेवढी जागा उरलीय तिच्या 100 टक्क्यांचा असतो, नवी असतानाच्या क्षमतेचा नाही. निम्मी मेलेली बॅटरीसुद्धा 100 च दाखवते. टॅक्सीवाले दिवसभर फास्ट चार्जरवर लावतात, त्यात उन्हाळा, मग ती खंगणारच.

पंढरपूरला गेलो. येताना मोहोळला 9 टक्के. आई मागे बसलेली, एसी बंद करून बसलो तासभर चार्जरवर. घरी आल्यावर विजेच्या मीटरच्या डब्यासमोर वही घेऊन उभा राहिलो. 30 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर 24 युनिट आणि वाया जाणारे दोन-तीन धरून 26-27 लागायला हवेत. मीटर 18 वर थांबलं, गाडी म्हणे फुल. हा हिशोब घेण्याआधी करा. एक रात्र गाडी घरी लावू देत नसेल तर उठून या.

सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला, पाच मिनिटांत इतिहास बाहेर. शेवटची नोंद 1 लाख 63 हजार किलोमीटर. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार, जे आधी होईल ते. म्हणजे संपली. ही पाच मिनिटं आधी का नाही? कारण एजंटानं गाडी रविवारी दाखवली आणि "संध्याकाळी बार्शीची पार्टी येतीय" म्हणाला.

आरटीओत म्हणाले, कागद बरोबर आहेत, किलोमीटर आम्ही बघत नाही. बघायचं कुणी मग? टोकन फोनवरून दिलं म्हणून सायबर फसवणुकीचा 1930 लावला, तर म्हणाले, गाडी मिळालीय ना, मग ही ऑनलाइन फसवणूक नाही. चौकीत "सिव्हिल मॅटर आहे." मी हटलो नाही, तर "टॅक्सी पुण्यात चालली ना, पुण्याला जा." हद्द कुठलीही असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यायची असं बीएनएसएस या नव्या फौजदारी कायद्याच्या कलम 173 मध्ये आहे, हे सांगितल्यावर हवालदारसाहेब विचारतात, "वकील आहात का?" दोन तास बाकावर, चहा त्यांना, मला पाणीसुद्धा नाही. मोटरसायकल चोरीला गेली असती तर निदान कागद तरी लिहून घेतला असता.

मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसीच्या प्रती मागा, टॅक्सी असेल तर तिथे लिहिलेलंच असतं. 'जशी आहे तशी' छापलेल्या कागदावर सही करू नका, माझ्याकडून 'डिलिव्हरी पावती' म्हणून घेतली.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये, मुदत दोन वर्षं. रोख दिलेल्या 50,000 ची पावती नाही, म्हणून वकिलांनी दाव्यात 7,85,000 च धरलेत.