जुन्या ४ फुटी फिश टँकला स्वस्तात फिल्टर: विकतचे आणि घरी बनवलेला, वापरून सांगतोय

जुना मोठा टँक स्वस्तात मिळतो हे खरंय, लोक घर बदलताना न्या बाबा एकदाचा म्हणून देऊन टाकतात, पण खरा खर्च नंतर सुरू होतो आणि तो म्हणजे फिल्टर. माझा टँक ४ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण २५० लिटर, वरची जागा आणि खालची खडी सोडली तर २२० धरा. एवढं पाणी तासाला निदान चार-पाच वेळा फिरायला हवं म्हणजे हजार-बाराशे लिटरचा पंप आला. त्यात माझ्याकडे गोल्डफिश आहेत, खाणं दांडगं आणि घाणही तेवढीच, त्यामुळे इथे काटकसर करून चालत नाही. दुकानात चांगल्या कॅनिस्टरचा (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) भाव विचारला तर तो टँकच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. म्हणून जे जे वापरलं त्याचं सरळ मत देतो.

आधी इंटर्नल पॉवर फिल्टर, तो काळा उभा, काचेला आत रबरी चकत्यांनी चिकटवतात तो. २ फुटी टँकला ठीक आहे. मोठ्या टँकला नका घेऊ, दुकानदार दोन लावा म्हणाला तरी नका घेऊ. आतला स्पंज मुठीएवढा असतो, तो दोन-तीन दिवसात भरतो, धार मंदावते आणि लांबच्या कोपऱ्यात घाण तशीच पडून राहते. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही. माशांना मारतो तो अमोनिया, आणि तो डोळ्याला दिसत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया कुठल्या तरी पृष्ठभागावर चिकटून राहतात, त्यांना भरपूर जागा आणि भरपूर ऑक्सिजन लागतो, बास, फिल्टर म्हणजे मुळात एवढंच. बाकी डबा कितीही देखणा असू दे.

एअर पंपवर चालणारा डबल स्पंज फिल्टर मात्र पैसे वसूल. दोन-तीनशेच्या आसपास येतो, पंप वेगळा, वीज नगण्य, ५ वॉटचा पंप चोवीस तास चालवला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. बॅक्टेरियाचं काम उत्तम करतो, तळाची जड घाण उचलायला कमी पडतो. लावताना एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व टाका, लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं.

कॅनिस्टर माझ्या मित्राकडे आहे, मी तो बरेच दिवस जवळून बघितलाय. आवाज नाही, स्टँडमध्ये लपतो, मीडिया (बॅक्टेरिया ज्यावर बसतात तो स्पंज, रिंग वगैरे माल) भरपूर बसतो, पैसे असतील तर खुशाल घ्या. पण आमच्याकडे लाइट जाते तेव्हा तासन् तास जाते, आणि बंद डब्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की आतले बॅक्टेरिया मरायला लागतात, मग लाइट आल्यावर ते सडकं पाणी थेट टँकमध्ये. जुना कॅनिस्टर घेत असाल तर ओ-रिंग (झाकणाची रबरी रिंग) कडक झालीय का आणि इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पंख्याचा) दांडा घासलाय का ते उघडून बघा, स्पेअर मिळतो का तेही आधीच विचारा. आणि बादलीला भोकं पाडून घरी कॅनिस्टर करायचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका, दाबाखालचं पाणी एका जोडातून सुटलं तर अख्खा टँक फरशीवर येतो.

आता घरचा टॉप फिल्टर, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. एकावर एक बसणारे प्लॅस्टिकचे तीन आयताकृती डबे घ्या, नवे आणि खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारे, रंगाचे किंवा केमिकलचे जुने डबे अजिबात नको. तळाला सोल्डरिंग गनने भरपूर भोकं पाडा. टँकमधला पंप पाणी वर चढवतो, वर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला बारीक भोकं पाडून तो आडवा ठेवायचा म्हणजे पाणी सगळीकडे सारखं पडतं. पहिल्या म्हणजे सगळ्यात वरच्या डब्यात फिल्टर वूल (घाण अडवणारा कापसासारखा थर) आणि जाड स्पंज, दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीच्या घासण्या (साबण लावलेल्या किंवा तारेच्या नाही), तिसऱ्यात सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक. रिंग महाग वाटल्या तर सगळ्याच घासण्या भरा, बॅक्टेरियाला फरक पडत नाही. डबे पूर्ण टँकच्या तोंडावरच राहतील असे ठेवा म्हणजे वूल तुंबून पाणी उतू गेलं तरी टँकमध्येच पडेल. वजन मधल्या काचेच्या पट्टीवर टाकू नका, दोन अ‍ॅल्युमिनियमचे चॅनल पुढच्या-मागच्या काचेवर आडवे टाकून त्यावर ठेवा.

याचा खरा फायदा असा की पाणी थेंबथेंब हवेतून खाली येतं, ऑक्सिजन भरपूर मिळतो, आणि लाइट गेली तरी मीडिया ओला राहतो आणि हवा लागत राहते, बॅक्टेरिया टिकतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी थोडं गारही राहतं, त्याच कारणाने पातळी मात्र उतरते, भर घालावी लागते. पाण्याचा आवाज येतो, बेडरूममध्ये टँक असेल तर हा विचार करा, मला तो आवडतो.

पैसे वाचवायचे ते डब्यात आणि मीडियात वाचवा, पंपात नको. कूलरचा पंप स्वस्त पडतो आणि बरेच जण तोच टाकतात, पण तो वर्षभर चोवीस तास चालायला बनवलेला नसतो. अ‍ॅक्वेरियमचाच घ्या आणि तो किती उंचीवर किती पाणी देतो ते बघून घ्या, कारण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवलं की धार कमी होते. म्हणून मी हजार लिटरऐवजी दीड हजार लिटरवाला घेतला. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ पडू द्या म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाही, घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या, आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचाच.

नवीन फिल्टर लावला म्हणून लगेच मासे भरू नका, बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला मळका स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो, मी तसंच केलं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग थोडे थोडे मासे सोडा. मीडिया नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरिनने बॅक्टेरियाची वसाहत मरू शकते, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. फक्त वूल बदलायचं.

सध्या माझ्याकडे टॉप फिल्टर आणि एका कोपऱ्यात स्पंज फिल्टर असे दोन्ही चालू आहेत, एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो. सगळ्यात वरच्या डब्यात मनी प्लांटच्या फांद्या खोचल्यात, मुळं नायट्रेट ओढून घेतात. तरी आठवड्याला पाव टँक पाणी बदलतोच, ते कुठल्याही फिल्टरने सुटत नाही.