२१ हजार किलोमीटरनंतर ऑल-सीझन टायर : तक्रार एकच, घूंऽऽ

टायर बसवून चौदा महिने झाले. पहिल्या आठवड्यात मत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, अकरा हजारांवर लिहिलं असतं तर दोन. आज चार देतोय, आणि कापलेला एक तारा खरं तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करणाऱ्यांच्या खात्यावर जायला हवा.

गाडी पाच सीटची, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, टायरचं माप २३५/६० आर१८ १०३एच. नक्षी असिमेट्रिक, म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहिली पाहिजे, पण चाक कुठल्याही दिशेने फिरलं तरी चालतं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. खालचं बहुतेक सगळं या मापाच्या कुठल्याही ऑल-सीझन टायरला लागू पडेल.

सुरुवातीला तर हे टायर शांत वाटले. जुने गोटा झालेले काढून नवे घातले की काहीही शांतच वाटतं म्हणा. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर स्टीअरिंग जरा सैल वाटलं. ऑल-सीझनच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांत बारीक चिरा भरपूर असतात आणि ठोकळे पूर्ण उंचीचे असताना ते वळणावर थोडे लवतात, म्हणून तसं होतं. वरचा थर घासला की ते आपोआप जातं, त्यासाठी हवा वाढवू नका.

अकरा हजारांच्या आसपास ६० ते ७० च्या वेगात मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग वाढला की सूर चढायचा, आणि मागच्या सीटवर बोलताना आवाज चढवावा लागायचा. अशा वेळी पहिला संशय बेअरिंगवर जातो आणि बरेच जण तिथेच खर्च करून बसतात. आधी दोन गोष्टी तपासा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला, डांबर संपून काँक्रीट लागलं, की टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा सहसा नाही. बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो: लांब डाव्या वळणात वजन उजवीकडे जातं, तेव्हा घुरघुर वाढली तर उजवं बेअरिंग बघायचं. इथे वळणावर काही फरक नव्हता, रस्ता बदलला की मात्र लगेच होता.

मग तळहाताची परीक्षा. गाडी थंड असताना मागच्या टायरवर घेराच्या दिशेने तळवा फिरवायचा, एकदा पुढे आणि एकदा मागे. एका दिशेने हात सुळकन जातो, उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी बोटांना अडते. आतल्या खांद्यावर, म्हणजे टायरच्या गाडीकडच्या कडेला, हे दात सर्वांत धारदार होते. डोळ्यांना काही दिसत नाही, नक्षीची खोली मोजणारं डेप्थ गेजही ६.५ मिमी दाखवतं, म्हणून टायरवाला ‘टायर एकदम झकास’ म्हणून मोकळा होतो. प्रत्येक ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते आणि ती ओळीने रस्त्यावर आपटत जाते, त्याचाच हा आवाज. मागच्या चाकांवर तो जास्त येतो, कारण घरातला एकटाच माणूस गाडी नेतो तेव्हा मागे वजन कमी असतं आणि त्या चाकांना ड्राइव्हही नसतो. पुढच्या चाकांवर ड्राइव्ह आणि स्टीअरिंगची घासाघीस हे दात बऱ्यापैकी मोडत राहते.

इथपर्यंत टायरला शिव्याच घालत होतो. मग टायर बसवताना केलेल्या अलाइनमेंटचा छापील कागद काढून पाहिला. पुढचा टो (वरून बघितलं तर चाक सरळ रेषेपासून किती तिरकं आहे तो कोन) हिरव्यात म्हणजे मर्यादेत, मागच्या डाव्या चाकाचा टो ०.२० अंश बाहेरच्या बाजूला, लाल रंगात, आणि त्याखाली बिल पूर्ण! ०.२० अंश ऐकायला काहीच नाही, पण हिशेब करा: तेवढ्या कोनात तिरकं चाललेलं चाक दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवं फरपटतं. अकरा हजार किलोमीटरमध्ये ते जवळपास ३८ किलोमीटर होतं. बिचाऱ्या रबराने काय करावं?

विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘मागचं सेट होत नाही.’ काही गाड्यांत मागे सरळ बीम असतो, तिथे हे खरं आहे. पण या गाडीत मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि लोअर आर्मला एक्सेंट्रिक बोल्ट आहे, तो फिरवला की चाकाचा कोन बदलतो. तो गंजून बसला होता, एवढंच. गंज सोडवणारं तेल मारून तासभर ठेवलं की सुटतो. दुसऱ्या ठिकाणी सुटलाच.

म्हणून अलाइनमेंटला उभं राहून बघा. आधी चारही टायरांत हवा सारखी, मग मागची चाकं, आणि शेवटी स्टीअरिंग सरळ लॉक करून पुढची. पुढची चाकं मागच्यांनी ठरवलेल्या रेषेशी जुळवायची असतात. क्रम उलटा झाला तर गाडी सरळ जाते आणि स्टीअरिंग वाकडं राहतं. कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही आकडे मागा. नुसता ‘नंतर’चा कागद कुणी दिला तर त्यावरून काहीच कळत नाही.

माझी कंजुषी मात्र इथे कबूल करायला हवी. आठ हजारांवर करायचं रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल) ‘टायर नवेच तर आहेत’ म्हणून टाळलं होतं. अकरा हजार चारशेवर अलाइनमेंटसोबत ते केलं: पुढची चाकं सरळ मागे, मागची फुली मारून पुढे. फुली महत्त्वाची. डावं चाक उजवीकडे गेलं की ते उलट दिशेने फिरतं आणि दात ज्या बाजूने उगवले होते त्याच्या उलट बाजूने घासले जातात. पहिल्या आठवड्यात आवाज पुढे आला आणि जास्तच वाटला, तेव्हा घाबरू नका. दोन हजार किलोमीटरनंतर निम्मा झाला, सोळा हजारांपर्यंत फक्त गुळगुळीत रस्त्यावर कान देऊन ऐकला तरच कळेल इतका राहिला.

यामुळे खरेदीच्या वेळचं एक मत मी बदललं. तेव्हा व्ही आकाराच्या, एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर पाणी चांगले फेकतात म्हणून तेच हवे होते, ते मिळाले नाहीत म्हणून हे घेतले. आता उलट म्हणतो. व्ही नक्षीला पुढचं मागे एवढंच करता येतं, बाजू बदलायची तर टायर रिमवरून उतरवून पुन्हा चढवायला हवा. दात आले की त्यांच्याकडे सोपा उपाय नाही. कुटुंबाच्या गाडीला असिमेट्रिकच बरा.

मायलेजबद्दल सगळे विचारतात म्हणून: स्क्रीनवर १४.२ चं १३.७ झालं. त्यातला काही भाग निव्वळ मापाचा. जुना टायर २ मिमीवर होता, नवा ८ मिमीवर, म्हणजे व्यास १२ मिमीने वाढला. ७३९ मिमीच्या चाकात तो जास्तीत जास्त १.६ टक्के. चाक तेवढं मोठं झालं की ओडोमीटर तेवढं कमी अंतर मोजतं. उरलेली घट जाड रबर लवण्याची, ती झिजेबरोबर कमी होते.

खरेदी करताना २२५/६० आर१८ १००एच ‘आरामात बसतो’ म्हणून स्वस्तात पुढे केला होता. बसतो, नाही म्हणत नाही. पण १०० चा अर्थ टायरमागे ८०० किलो, १०३ चा ८७५. चार टायरांवर ३०० किलोंचा फरक, म्हणजे सामानासकट भरलेल्या गाडीत जी उसंत असायला हवी ती गेली. भार निर्देशांक दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा खाली कधीच नको. एच म्हणजे २१० किमीचा वेग, तो आपल्याला लागत नाही, तरी कंपनीने दिलाय तोच ठेवावा.

बर्फाच्या भागात जाणार असाल तर साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण शोधा. नुसतं एम+एस नक्षीच्या रचनेवरून लिहिता येतं, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. ट्रेडवेअरचा, म्हणजे झीज किती सोसेल त्याचा, आकडा कंपनी स्वतःच ठरवते, दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावू नयेत. तारखेचे शेवटचे चार अंक मात्र चारही टायरांवर वाचा: ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. हे अंक बहुधा एकाच बाजूला पूर्ण असतात आणि ती बाजू आत गेली तर दिसत नाहीत, म्हणून टायर चढवण्याआधी बघायचं.

हवा सकाळी, चाकं थंड असताना. स्टिकरवर ३३ पीएसआय आहे. गाडी चालवून आल्यावर तीच हवा ३६-३७ दाखवते, आणि तेव्हा सोडून ३३ केली की दुसऱ्या दिवशी २९-३० वर फिरत असता. दातांना हेही खतपाणीच. साइडवॉलवरचा ५१ हा कमाल दाब आहे, भरायचा आकडा नव्हे. नट गनने आवळले असतील तर १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, ताऱ्याच्या क्रमाने पुन्हा तपासा.

सध्याची मोजणी : पुढे ५.४ मिमी, मागे ५.९. पावसात ३ मिमीच्या खाली नेणार नाही, म्हणजे याच गतीने एकूण ४५ हजारांच्या आसपास जातील. १.६ मिमीची पट्टी ही कायद्याची शेवटची रेघ आहे, तिची वाट बघायची नाही. पुढच्या डाव्या टायरवर उलटा तळवा फिरवला तर अजून हलकी कड लागते, रोटेशन साडेतीन हजार किलोमीटर लांबल्यामुळे. पुढचं आता लगेच, आणि त्यानंतर दर आठ हजारांवर करणार, एकाही किलोमीटरचा उशीर न करता.