गव्याला वेसण

भाचा वनखात्यात लागला आणि त्याला मोलेला पाठवलं, तेव्हा मामा म्हणून काहीतरी देणं आलंच. सोन्याचं नाव काढण्यासारखे दिवस नाहीत. म्हटलं, चांदीची जाड अंगठी देऊ, वर गव्याचं डोकं. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी आणि पोरगा त्याच्याच रानात नोकरीला. कल्पना माझी मलाच इतकी आवडली की तिथेच अर्धा फसलो होतो.

गेल्या डिसेंबरात बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका बाजारात गेलो. एका टेबलावर काळ्या मखमलीवर सगळं प्राणिसंग्रहालय मांडलेलं: वाघ, सिंह, लांडगा, घुबड, फणा काढलेला नाग. मी विचारलं, "गवा आहे?" विक्रेत्याने क्षणभरही न थांबता एक शिंगवाला उचलून दिला. "बाबू, पूरा हाथ का काम है." कारागिराला म्हणे एका अंगठीला चार दिवस लागतात.

अंगठी हातात घेतली तर खरंच देखणी. शिंगांवर बारीक रेघा, नाकपुड्या फुगलेल्या, खाचाखाचांत काळं भरलेलं. हे काळं चांदीवर मुद्दाम चढवतात, त्यानेच नक्षी उठून दिसते. पण तसंच काळं दुसऱ्या धातूंवरही चढवता येतं आणि खालचा रंग झाकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आतल्या बाजूला 925 असा शिक्का होता, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. त्याने खिशातून लोहचुंबक काढून अंगठीला लावलं. चिकटलं नाही. "देखा? असली." वजन 18 ग्रॅम, भाव 6,000 वरून घासाघीस करत 4,200 वर आला. बिल मागितलं तर गल्ल्यामागचं कार्ड दिलं, त्यावर हत्तीचं चित्र आणि एक मोबाईल नंबर. तो नंबर आजतागायत बंद आहे.

भाच्याने अंगठी बघितली आणि आधी हसला. "मामा, गव्याला वेसण कुणी घातली?"

मी चष्मा लावला. नाकपुड्यांतून खरंच एक कडी गेलेली. बाजारात इतका वेळ फिरवून बघितली, पण दिसली ती शिंगं. खऱ्या गव्याच्या दोन शिंगांच्या मध्ये कपाळ वर फुगलेलं असतं, तेही इथे सपाट. म्हणजे कुठल्यातरी परदेशी बैलाची अंगठी मला गवा म्हणून मिळाली होती. तरी पोरगा भला, मामाचं मन मोडू नये म्हणून त्याने घातली. दहा-बारा दिवसांत बोटाला कंड सुटली, मग लालसर पुरळ आणि अंगठीखाली हिरवट कडं. तळव्याकडच्या बाजूचा मुलामा उडून आतून पिवळट झाक दिसायला लागली.

फोंड्यात आमचे जुने शेट, म्हणजे सोनार, आहेत, आईच्या पाटल्या त्यांच्याच वडिलांनी केलेल्या. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बैलाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आतली कड बघितली. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि अंगठी दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली, तळाला न टेकवता. काटा 2.1 ग्रॅम दाखवत होता. "18 ला 2.1 ने भाग." आलं साधारण 8.6, म्हणजे धातू पाण्याच्या तितके पट जड. 925 टंचाची, म्हणजे तेवढ्या शुद्धतेची, चांदी असती तर 10.3 च्या आसपास यायला हवं होतं. भरीव अंगठीला ही परीक्षा लागते, पोकळ किंवा खडा बसवलेल्या अंगठीला नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी आतून कानशीने जरा घासून तेजाबाचा थेंब टाकला. हिरवा फेस आला.

जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही, वर नुसता पातळ मुलामा. कंड निकेलची, हिरवं तांब्याचं. आणि लोहचुंबक? ते चांदीला चिकटत नाही हे खरंच, पण तांब्यापितळेला आणि या जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. म्हणजे त्या माणसाने मला खोटं काही दाखवलंच नव्हतं. हे मला 4,200 पेक्षा जास्त लागलं.

925 चं म्हणाल तर ठसा कुणीही मारू शकतो. हॉलमार्कमध्ये नुसता आकडा नसतो, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्हही असतं, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर एचयूआयडीही येतो, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा, अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. चांदीला हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नाही, त्यामुळे बिनहॉलमार्कची अंगठी खोटीच असते असं नाही. पण मग बिलावर 'चांदी', टंच आणि वजन लिहून घ्यायचं. भावही आधी बघून जायचा. पेपरात किलोचा असतो, हजाराने भागला की ग्रॅमचा. मी यातलं काहीच केलं नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला तर पहिला प्रश्न बिलाचा. मी हत्तीच्या कार्डाचं सांगितलं आणि माझं मलाच हसू आलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या बाजारात गेलो. टेबल होतं, माणूस दुसरा. "वो तो गाँव गया." भांडायला पुरावा नव्हता, म्हणून तसल्याच पाच अंगठ्या मागून शेजारीशेजारी ठेवल्या. पाचही बैलांच्या डाव्या कानाखाली टाचणीच्या टोकाएवढा एकच खड्डा, माझ्या अंगठीतही तिथेच. एकाच साच्यातून ओतलेल्या. साच्यातून ओतणं यात काही पाप नाही, चांगल्या चांदीच्या अंगठ्याही तशाच होतात. पण मग ते चार दिवसांचं हाताचं काम कुठलं?

आता शेटना नवीन अंगठी सांगितली आहे. चांदीचं वजन वेगळं, घडणावळ वेगळी, दोन्ही पावतीवर. भाच्याने मोलेहून गव्याचे फोटो पाठवले, समोरून आणि बाजूने. शेट आधी मेणात डोकं करतायत. परवा गेलो तेव्हा कपाळाचा फुगवटा झाला होता, कान बाकी होते.