एफएफएन२०६: व्हीमॅट-२ साठीचा निळा रंग घ्यावा का?

किरणोत्सारी डोपामिनच्या वाटेला न जाता व्हीमॅट-२ (पेशीतल्या व्हेसिकल नावाच्या पिशव्यांत डोपामिनसारखे संदेशवाहक रेणू भरणारा वाहक) चालतोय की अडलाय एवढंच बघायचं असेल, तर हा रंग जरूर घ्या. किती माल आत भरला गेला याचा हिशेब मात्र त्याच्याकडे मागू नका. त्यासाठी आजही ट्रिटियमवालं (किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं) डोपामिनच लागतं. अर्थात अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, परवानगी आलीच. कार्यालय अणुशक्तीनगरला असलं म्हणून मुंबईकरांचे कागद कमी होत नाहीत.

काम असं चालतं. व्ही-एटीपेज पंप एटीपी खर्चून प्रोटॉन व्हेसिकलमध्ये ढकलतो आणि आतला पीएच साधारण ५.५ वर येतो. दोन प्रोटॉन बाहेर सोडले की व्हीमॅट डोपामिन किंवा सेरोटोनिनचा एक रेणू आत घेतो. एफएफएन२०६ हा त्याच दारातून शिरणारा तोतया. ३६९ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ४६४ च्या आसपास निळा उजळतो.

व्हीमॅट-२ कायमचा बसवलेल्या एचईके (मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) पेशी, ९६ खाचांची काळी, पारदर्शक तळाची प्लेट आणि फिनॉल रेड नसलेलं माध्यम घ्या. पेशी तळाला धरून ठेवणाऱ्या पॉली-डी-लायसिनच्या लेपात काटकसर केलीत तर धुताना निम्म्या पेशी सिंकमध्ये. रंग १ मायक्रोमोलर, ३७ अंशांवर तासभर. पीबीएस या क्षारांच्या बफर द्रावणाने दोनदा धुऊन खालून मोजणी. रंग ५ मायक्रोमोलर केला तर आकडे देखणे येतात, पण त्याचा केएम (ज्या मात्रेला वाहक निम्म्या वेगाने चालतो ती) १ च्या जवळपास असल्याने स्पर्धक औषधं उगाच दुबळी दिसतात.

खरी गोम पुढे आहे. क्लोरोक्विनसारखा दुर्बळ अल्क व्हीमॅटला हातही न लावता आतली आम्लता घालवतो. चमक उतरते आणि आपण नवा अवरोधक सापडला म्हणून खूश. त्यामुळे शेजारच्या खाचांत अॅक्रिडिन ऑरेंज (आम्ल पिशव्यांत नारिंगी चमकणारा रंग) लावाच. तिथलेही नारिंगी ठिपके गेले असतील, तर दोष आम्लतेचा. बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर हा पंप बंद पाडणारा कंट्रोल, आणि व्हीमॅट नसलेल्या साध्या एचईके पेशी हा पार्श्वभूमीचा. एफएफएन२०६ स्वतःही अमाइन, म्हणजे दुर्बळ अल्क, असल्याने लायसोसोममध्ये (पेशीतल्या इतर आम्ल पिशव्यांत) थोडा अडकतोच. चाचणीचं औषध स्वतःच निळं चमकत नाही ना, तेही रंगाशिवाय एकदा बघून घ्या.

अवरोधाचा कंट्रोल म्हणून रेसर्पिन १ मायक्रोमोलर, रंगाच्या अर्धा तास आधी. (सर्पगंधेतलंच हे द्रव्य. त्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला होता.) रेसर्पिन व्हीमॅटला चिकटलं की धुऊन सहज सुटत नाही. धुतल्यावर काम परत सुरू होतं का, हे बघायचं तर टेट्राबेनाझिन हा दुसरा अवरोधक बरा. रेसर्पिन उजेडात खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा.

पावसाळ्यात डीएमएसओ (रंग आणि औषधं विरघळवायचं द्रावक) हवेतलं पाणी ओढतं. उणे २० मधली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका आणि एका प्रयोगापुरत्याच कुप्या भरा. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपासच गोठतं. कडक एसीत अर्धवट वितळलेल्या कुपीतून घेतलं तर दर प्लेटला मात्रा वेगळी.

ग्लुटामेटवाल्यांनी पैसे वाचवावेत. व्हीग्लुट (व्हेसिकलमध्ये ग्लुटामेट भरणारा वाहक) मुख्यतः पडद्यावरच्या विद्युतदाबावर चालतो आणि हा रंग त्याच्या दारात उभाही राहत नाही.