संपीडित हवेच्या पाइपलाइनसाठी आट्यांच्या फिटिंग्ज: निवड कशी करावी

संपीडित हवेची पाइपलाइन टाकताना फिटिंग पितळेची घ्यावी की स्टेनलेस स्टीलची, याचीच चर्चा आधी होते. वास्तविक पहिला निर्णय आट्यांच्या मानकाचा असायला हवा, कारण धातूच्या निवडीतली चूक उघड व्हायला बरीच वर्षे लागू शकतात, परंतु आटे न जुळल्यास हवा पहिल्या दिवसापासून वाया जाऊ लागते. देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या उत्पादनापैकी 20 ते 30 टक्के हवा गळतीत जाते, आणि आट्यांचे सांधे हे तिचे एक नेहमीचे ठिकाण असते.

एनपीटी (अमेरिकी मानक) आणि बीएसपीटी (ब्रिटिश मानक) हे दोन्ही आटे निमुळते असून दोहोंचा उतार 1:16 इतकाच असतो. मात्र एनपीटीच्या आट्याच्या दोन बाजूंमधला कोन 60 अंशांचा, तर बीएसपीटीचा 55 अंशांचा असतो. पाव इंची मापात एनपीटीला इंचामागे 18 आणि बीएसपीटीला 19 आटे असल्यामुळे विसंगती लवकर हाताला जाणवते. खरा धोका अर्धा आणि पाऊण इंची मापांत आहे. तेथे दोहोंचे इंचामागे 14 आटे असल्याने चुकीची जोडी पान्याने व्यवस्थित आवळली जाते, सांधा पक्का वाटतो आणि कोनातील फरकामुळे उरलेल्या फटीतून हवा निसटत राहते. त्यावर आट्यांना गुंडाळायच्या सीलिंग टेपचे आणखी वेढे चढवणे हा उपाय नव्हे. ज्या कारखान्यात दोन्ही मानकांची यंत्रे आहेत, तेथे मुख्य वाहिनीसाठी एकच मानक ठरवावे आणि दुसऱ्या मानकाच्या यंत्राजवळ खूण केलेले अ‍ॅडॉप्टर बसवावे.

समांतर, म्हणजे निमुळते नसलेल्या, आट्यांची बीएसपीपी (हेही ब्रिटिश मानकच) फिटिंग, जिच्यावर ‘जी’ हे अक्षर असते, वेगळ्या तत्त्वावर चालते: येथे हवा आटे अडवत नाहीत, तर वॉशर किंवा ओ-रिंग अडवते. फिल्टर, रेग्युलेटर किंवा सिलिंडर अशा वारंवार उघडाव्या लागणाऱ्या ठिकाणी मला हीच सोयीची वाटते, कारण सील बदलले की सांधा पुन्हा नवा होतो आणि टेपचे तुकडे विजेवर उघडझाप होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये जात नाहीत. उलट निमुळता सांधा आवळल्यानंतर दिशा जुळवण्यासाठी मागे फिरवला की गळू लागतो. टेप वापरायचीच असेल, तर ती आटे बसण्याच्या दिशेने गुंडाळावी आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा. कायमच्या सांध्यांना अ‍ॅनारोबिक सीलंट (सांध्यात हवेचा संपर्क तुटल्यावर घट्ट होणारा द्रव) अधिक बरे.

धातूंबाबत निर्णय त्यामानाने सोपा आहे. कोरड्या हवेच्या, लहान मापाच्या शाखांना पितळ पुरेसे आहे. परंतु अमोनियाच्या सान्निध्यात त्यावर ताण आणि गंज यांमुळे तडे जातात, म्हणून शीतकरण विभागात ते टाळावे. जस्तलेपित मॅलिएबल (ठिसूळपणा कमी केलेले ओतीव) लोखंड स्वस्त असले, तरी ओलसर हवेत कालांतराने जस्ताचे पापुद्रे सुटून पुढची उपकरणे तुंबू शकतात. अन्न किंवा औषध उत्पादनात 304 अथवा 316 स्टेनलेस स्टीलचा खर्च रास्त ठरतो, मात्र त्याचे आटे एकमेकांत अडकून बसू नयेत म्हणून वंगण अथवा योग्य सीलंट आवश्यक असते. साध्या पीव्हीसीचा मात्र विचारही करू नये, कारण हवेच्या दाबाने ते फुटल्यास त्याचे धारदार तुकडे उडतात.

दोन इंचांवरील वाहिनीसाठी, तसेच कॉम्प्रेसरलगतच्या कंपन होणाऱ्या भागासाठी आट्यांचा आग्रह सोडून वेल्डिंग, फ्लँज किंवा लवचीक जोडणी घ्यावी.