जीइमेजरीडर : अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं तपासताना

स्कॅन केलेली मराठी पुस्तकं तपासणाऱ्या स्वयंसेवकांनी जीइमेजरीडर हे मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरावं. ते पानाच्या चित्रातून मजकूर काढून देतं. अक्षरं ओळखण्याचं काम आतलं टेसरॅक्ट हे इंजिन करतं. खरा फायदा वेगळाच आहे: पानाचं चित्र आणि ओळखलेला मजकूर एकाच खिडकीत शेजारी शेजारी दिसतात. मराठी मात्र भाषांच्या यादीतून आधी उतरवून घ्या. ती न निवडता पान दिलं तर हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, टाइप बारीक असेल तर ४००ला. कागद पातळ असून मागच्या ओळी दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवा. अख्खं पान एकदम देऊ नका. माउसने फक्त मुख्य मजकुराभोवती चौकट आखा, म्हणजे वरचं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध घुसत नाही. पानाचा आकडा मात्र वेगळ्या ओळीत हाताने टाका. विद्यार्थ्याला संदर्भ द्यायला तो लागतोच. तुटलेल्या ओळी जोडायची सोय चांगली आहे, फक्त कवितेवर ती चालवू नका.

आता चुका, कारण खरं काम तिथेच आहे. 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चं 'मात', 'वार'चं 'बार'. हे सगळे शब्द कोशात आहेत, त्यामुळे स्पेलचेकला काहीच खटकत नाही. 'आईने मात वाढला' हे डोळस माणूस नकळत सुधारून वाचतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं एनव्हीडीए मात्र 'मात'च म्हणणार, आणि ऐकणारा तिथे अडणार. त्याहून फसवा आपला अर्धा र. 'आचाऱ्याला'चं 'आचार्याला' झालं की स्वयंपाक्याच्या जागी गुरू येतो. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की डोंगराच्या वर्णनात समुद्र ऐकू येतो. यावर 'र्या' शोधून सरसकट 'ऱ्या' करण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर 'मर्यादा', 'पर्याय', 'कार्यालय' हे सगळे शब्द बिघडतील. 'दुसर्या', 'सार्या', 'करणार्या' असे पूर्ण शब्द सॉफ्टवेअरच्या बदल-यादीत (चुकीचा शब्द आणि त्याजागी घालायचा शब्द, अशा जोड्यांच्या यादीत) भरा, बाकीचे एकेक बघून बदला.

खिळ्यांच्या जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, त्यामुळे अनुस्वार गळतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकात 'कांहीं', 'घरांत' असं दिसलं तर ते तसंच ठेवा. छापलेलं पुस्तक वाचकापर्यंत पोचवायचं आहे, त्याचं शुद्धलेखन सुधारायचं नाही.

शेवटची फेरी कानाने करा. एनव्हीडीएला ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज लावा आणि नजर मूळ पानावर ठेवा. आवाज कोरडा आहे, पण डोळ्यांना न दिसलेला 'धर' कानाला लगेच टोचतो. गळालेली अख्खी ओळही अशीच सापडते. हे काम शक्यतो दुसऱ्या माणसाकडे द्या, पहिल्याच्या डोळ्यांना मजकूर सरावलेला असतो.

तक्त्यांसाठी हे सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे, ते सरळ टाइप करा. दोन रकाने असतील तर दोन चौकटी, वाचायच्या क्रमाने. साध्या मजकुरात शीर्षकांची ओळख राहत नाही, म्हणून फाइल वर्डमध्ये घेऊन प्रत्येक प्रकरणाला 'हेडिंग १' ही शैली द्या. ती दिली की वाचक एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबत थेट हव्या त्या प्रकरणावर जाऊ शकतो.