चिलापी माशाला समुद्री शेवाळ चारलं, साडेपाच महिन्यांचा हिशोब

बरेच दिवस लिहायचं म्हणत होतो, पण मार्चअखेर माल निघाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण दोन महिन्यात "जबरदस्त रिझल्ट" लिहून मोकळे होणारे लई बघितलेत.

आधी आपली परिस्थिती सांगतो. इंदापूर तालुक्यात दोन शेततळी, दोन्ही 34 बाय 34 मीटर, प्लास्टिक अस्तर टाकलेली. परवानगी काढून मोनोसेक्स (सगळे नर) गिफ्ट (सुधारित जातीचा) तिलापिया मासा, म्हणजे आमच्याकडची भाषा केली तर चिलापी, प्रत्येकी 3500 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ऑगस्टमध्ये सोडली. अस्तराच्या तळ्यात तळाला माती नसते त्यामुळे माशाला आपोआप काही खायला फारसं मिळत नाही, जे टाकाल तेच पोटात जाणार, आणि 28 टक्के प्रोटीनचं तरंगतं खाद्य रोज टाकायचं म्हणजे खिसा रिकामा. खर्चाचा मोठा भाग खाद्यातच जातो हे करणाऱ्याला माहितीय. म्हणून खाद्यात काहीतरी स्वस्त मिसळता येईल का या नादात शेवाळापर्यंत पोचलो.

पहिली फसवणूक लगेच झाली. एका डीलरनं 'वजन दीडपट' म्हणून समुद्री शेवाळाची 10 किलोची पिशवी गळ्यात मारली. घरी आणून काचेच्या ग्लासात चमचाभर पावडर टाकून ढवळली तर पाच मिनिटात बुडाला वाळूचा थर बसला, आणि बोट बुडवून जिभेला लावलं तर नुसतं मीठ. ही ग्लासची परीक्षा फुकटात होते, विकत घेणाऱ्यानं पैसे द्यायच्या आधी जरूर करावी. मी पैसे दिल्यावर केली.

मग ताईच्या घरी फोन लावला, ती रत्नागिरीला दिलीय. दाजी म्हणाले, "अरे पैसे कसले देतोस, इथे किनाऱ्यावर ढीग लागतात त्याचे." त्यांनी आदल्या हंगामात आंब्याच्या बुडाशी टाकायला म्हणून वाहून आलेलं सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ गोळा करून वाळवून ठेवलं होतं, तपकिरी रंगाचं, बारीक पानं आणि मधे मधे हवेची छोटी छोटी बोंडं असतात ते. खडकावरचं जिवंत शेवाळ ते खरवडत नाहीत, त्यात माशांची पिल्लं आसरा घेतात म्हणे, फक्त लाटेनं बाहेर टाकलेलं उचलायचं. (मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं तर हातही लावायचा नाही, हे कोकणात सुट्टीला जाऊन गोणी भरून आणायचा विचार करणाऱ्यांसाठी.) ओलं दहा किलो वाळून जेमतेम दीड किलो भरतं असं दाजी म्हणाले, म्हणून ढीग बघून हुरळून जाऊ नका.

सात गोण्या टेम्पोनं आल्या. वाळलेल्या, पण न धुतलेल्या. इथून खरी मेहनत सुरू झाली. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गोड्या पाण्यात भिजवायचं, पायानं तुडवायचं, पाणी ओतून द्यायचं, असं तीन वेळा. पहिल्या पाण्याला ड्रमच्या बुडाशी चार बोटं वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि एक वाळून कडक झालेला खेकड्याचा नांगा निघाला. परत ताडपत्रीवर दोन दिवस ऊन. सगळ्या वस्तीला तीन दिवस बंदराचा वास, आई म्हणाली "माणसं मासे विकायला येतात, तू समुद्रच घरी आणलास". गिरणीवाल्यानं गोणी बघूनच हात जोडले, बरोबरच आहे, उद्या लोकांच्या भाकरीला वास आला असता. शेवटी गुरांच्या भरड्याच्या मशीनवर दळलं आणि जुन्या साडीतून चाळलं. धुऊन दळून 80 किलो पावडर मिळाली.

खाद्याला चिकटवायचं कसं यात पण पंधरा दिवस घालवले. गुळाच्या पाण्यात कालवून लावली तर तळ्यात टाकल्याबरोबर पावडर सुटून पाण्यावर तपकिरी साय आली आणि मासे नुसता दाणा खाऊन गेले. मग मैद्याची पातळ खळ शिजवली, दहा किलो खाद्याला अर्धा लिटर खळ, त्यात 300 ग्रॅम पावडर, हातानं चोळून सावलीत तासभर सुकवायचं. खळ जास्त झाली तर तरंगतं खाद्य बुडतं, हे पण एक दिवस करून बघितलं, चुकून.

एका तळ्याला शेवाळ, दुसऱ्याला साधं खाद्य, ऑक्टोबरच्या मध्यापासून. तेव्हा दोन्हीकडचा मासा सरासरी 70 ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून वीस मासे वजन करायचो.

नोव्हेंबरात हाव सुटली. 3 टक्क्यांवर मासा छान खातोय म्हणून 8 टक्के केलं, म्हटलं तेवढंच खाद्य वाचेल. महिन्याभरात साध्या तळ्यात मासा 58 ग्रॅमनी वाढला आणि शेवाळाच्या तळ्यात 41 नी. मग शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या पोराला विचारलं तर तो हसला. म्हणाला, काका, सरगॅसममध्ये प्रोटीन दहा टक्क्याच्या आत आणि राख म्हणजे मीठ-खनिजं पंचवीस-तीस टक्के, तुमच्या तेल काढलेल्या भाताच्या कोंड्यात याच्यापेक्षा जास्त प्रोटीन असतंय. आणि त्यातला चिकट पदार्थ, अल्जिनेट, माशाला धड पचत नाही. शिवाय तपकिरी शेवाळ आर्सेनिक ओढून घेतं, जपानमध्ये हिजिकी म्हणून खातात ते पण सरगॅसमच, त्यात आर्सेनिक जास्त म्हणून ब्रिटनमध्ये लोकांना ते खाऊ नका असं सांगितलेलं आहे, म्हणून हात आखडता ठेवा. त्या दिवशी परत 3 टक्क्यांवर आलो आणि त्यानंतर हललो नाही.

फरक दिसला तो थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गार पडतं, चिलापी खायची कमी होते, अंगावर कापसासारखी बुरशी, शेपटीला झडल्यासारखं, दरवर्षीचं रडगाणं. यंदा साध्या तळ्यात 190 मासे मेले, शेवाळाच्या तळ्यात 61. हे आकडे बघून मी पण उडालो होतो, पण खरं सांगायचं तर साध्या तळ्याचा एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) जानेवारीत एका रात्री बंद पडला होता आणि सकाळी चाळीसेक मासे पोट वर करून होते, ते यातून वजा करा. तरी 150 विरुद्ध 61 राहतंच. जाळ्यात धरल्यावर हाताला पण कळायचं, शेवाळाच्या तळ्यातल्या माशाचा चिकटा दाट, हातातून सटकायचा, आणि जाळं घासलेल्या जागी पुढच्या वेळी जखमा कमी दिसायच्या.

वजनात काही नाही. मार्चअखेर साधा 380 ग्रॅम, शेवाळवाला 372, म्हणजे नोव्हेंबरच्या हावरटपणाचा मार धरला तर सारखंच. चवीचं म्हणाल तर घरात दोन्ही तळून खाल्ले, कुणाला ओळखता आले नाहीत. भिगवणच्या व्यापाऱ्यानं तर विचारलं पण नाही, त्याला वजनकाट्याशी मतलब.

आता पैशाचं. जास्त जगलेले 90 मासे, साधारण 33 किलो, जाग्यावर 100 चा भाव धरला तर 3300 रुपये. टेम्पोभाडं, धुवायला लावलेला एक गडी, दळण, मैदा मिळून 3500 गेले, डीलरची पिशवी यात धरलेली नाही, ती अक्कलखाती. म्हणजे फुकटचं शेवाळ असून आमचं जेमतेम बरोबरीत सुटलं. किनाऱ्याजवळ ज्याचं तळं आहे त्याला भाडं लागत नाही, त्यानं थंडीपुरतं जरूर करून बघावं. आमच्यासारख्या देशावरच्यानं विकतची पावडर घेऊन खाद्य वाचवायची स्वप्नं बघू नयेत, खाद्य वाचत नाही, एक मूठ सुद्धा नाही.

मधे ताईनं उल्वा नावाचं हिरवं शेवाळ पण पाठवलं होतं, ओल्या कागदासारखं पातळ, गवत्या माशाला (ग्रास कार्प) आवडेल म्हणून. मीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एसटीत टाकायला सांगितलेलं, दुसऱ्या दिवशी पिशवी उघडल्यावर कंडक्टरनं ती दाराजवळ का ठेवली होती ते समजलं. ते वाळवूनच मागवायला पाहिजे होतं.

आता येत्या मार्गशीर्षापासून माघापर्यंतच चारणार आहे, दोन्ही तळ्यांना नाही, तळी अदलाबदल करून, म्हणजे तळ्याचा गुण की शेवाळाचा ते कळेल. पावडर मात्र हवाबंद डब्यात ठेवा. माझी उरलेली आठ किलो पोत्यातच राहिली, जूनमध्ये पाणी ओढून दगड झाला, आईनं तो दगड फोडून डाळिंबाच्या बुडाला घातला. डाळिंबाला काय फरक पडला ते मला विचारू नका, ते तिचं डिपार्टमेंट.